ब्लाइथची लूट आणि लेदिंग्टनची खुर्ची : सोळाव्या शतकातल्या एका स्कॉटिश जमीनदार घराण्याचे प्रकरण

मे १५७० च्या मध्यावर रोलंड फॉस्टर नावाचा इंग्रज कप्तान तीनशे माणसे घेऊन स्कॉटलंडच्या हद्दीत शिरला आणि लॉडरडेल भागातल्या ब्लाइथ या जहागिरीवर तुटून पडला. फॉस्टर हा ट्वीड नदीकाठच्या वार्क किल्ल्याचा अधिकारी, म्हणजे भुरटा दरोडेखोर नव्हे, सरकारी माणूस. जाताना त्याने काय काय नेले याचा हिशोब मालकाने मांडून ठेवला आहे. लहानमोठ्या मिळून ५००० मेंढ्या, २०० गुरे, ३० घोडे-घोड्या, घरातले १०० पौंडांचे सामानसुमान, आणि त्यापलीकडे उचलून नेता येण्यासारखे जे जे होते ते सगळे.

मालक होते सर रिचर्ड मेटलंड. वय ७४, दोन्ही डोळ्यांनी आंधळे, आणि एडिंबरोच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात न्यायाधीश. हा हिशोब एखाद्या फिर्यादीत किंवा दाव्याच्या कागदात आला असता तर नवल नव्हते. तो आला आहे त्यांच्या एका कवितेच्या डोक्यावर लिहिलेल्या टिपणात. शांततेच्या काळात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना ही लूट झाली, असेही तिथे म्हटले आहे. नुकसान झालेला माणूस स्वतः आकडा सांगतो तेव्हा तो थोडा चढाच असणार, असे धरून चाललेले बरे. तरी आवाक्याचा अंदाज येतो. पाच हजारांतल्या कितीतरी मेंढ्या कुळांच्याही असतील, आणि तो उन्हाळा त्या कुळांनी कसा काढला याबद्दल कवितेत काही नाही.

‘आंधळ्या बॅरनचे सांत्वन’ अशा अर्थाच्या या कवितेत ते स्वतःचीच समजूत घालतात. ब्लाइथ या गावाच्या नावाचा अर्थ आनंदी असाही होतो. त्यावर खेळत ते म्हणतात, आंधळ्या, ब्लाइथ लुटले गेले तरी तू आनंदी राहा, लुटणारे फासावर चढतील तेव्हा तर आणखी आनंदी होशील. न्यायाधीशाचा विनोद आहे हा. वरवर मजेचा, आत अगदी कोरडा.

या एका लुटीपासून पुढची चौदा वर्षे मेटलंड घराण्यावर जे गुदरले ते इथे नीट उलगडून बघायचे आहे. या काळात जनावरे गेली, राहता वाडा गेला, तिन्ही मुलगे राजद्रोही ठरले, त्यांतले दोघे मेले. आणि तरीही शेवटी जमीन घराण्याकडेच परत आली. वर उरलेला मधला मुलगा राज्याचा चान्सलर, म्हणजे सर्वात मोठा अधिकारी, झाला. हे कसे घडले याचे ठरलेले उत्तर असे दिले जाते की मेटलंड मंडळी धूर्त होती, बापाने एका दगडीवर हात ठेवला आणि मुलांनी दुसऱ्या, म्हणजे कोणताही पक्ष जिंको, घर शाबूत. मला हे उत्तर पटत नाही. घटनांचा क्रम लावून पाहिला तर त्यात आखलेला डाव दिसत नाही.

माणूस आणि त्याची जमीन

सर रिचर्ड यांचा जन्म १४९६ चा. वडील विल्यम मेटलंड, लेदिंग्टन आणि थर्लस्टेन या दोन ठिकाणचे धनी. आई मार्था सीटन, शेजारच्या बड्या सीटन उमरावांच्या घरची. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या रणात राजा चौथा जेम्स पडला. त्याच्याबरोबर जे शेकडो सरदार-जमीनदार कापले गेले त्यांत विल्यमही होते. सतराव्या वर्षी रिचर्ड यांच्या हाती जमीन आली. सेंट अँड्र्यूजमध्ये शिक्षण, मग फ्रान्समध्ये कायद्याचा अभ्यास, असा त्यांचा पुढचा रस्ता.

त्या काळच्या स्कॉटलंडमधला लेअर्ड म्हणजे जमीनदार, संसदेत हक्काची खुर्ची असणारा उमराव नव्हे. आपल्याकडच्या वतनदारासारखे त्याचे असे की माणूस जमिनीच्या नावाने ओळखला जायचा. दरबारात, पत्रांत, शिव्यांतसुद्धा ‘मेटलंड’ कुणी म्हणत नसे, ‘लेदिंग्टन’ म्हणत. त्यामुळे त्या काळच्या कागदांत बाप आणि थोरला मुलगा यांचा घोळ होऊ नये म्हणून ‘म्हातारा लेदिंग्टन’ आणि ‘तरुण लेदिंग्टन’ असे सांभाळावे लागते. लेदिंग्टनचा वाडा एडिंबरोच्या पूर्वेला हॅडिंग्टन गावाजवळ. जाड भिंतींचा दगडी मनोरा, भोवती सुपीक सपाट जमीन. ब्लाइथ आणि थर्लस्टेन मात्र दक्षिणेकडे, लॉडरडेलच्या डोंगराळ मेंढपाळी मुलखात. एकीकडे धान्य, दुसरीकडे लोकर. दुसऱ्या बाजूचा तोटा एवढाच की तिथून इंग्लंडची सरहद्द फार लांब नव्हती.

सरहद्दीचे दुखणे सर रिचर्ड यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. लिडसडेलच्या चोरांवर त्यांची एक जळजळीत कविता आहे. रात्री येऊन खुंटीवरचे भांडेसुद्धा न सोडणाऱ्या टोळ्यांची त्यात नावानिशी हजेरी घेतली आहे. शिवाय १५५२ मध्ये पश्चिम सरहद्दीवरच्या वादग्रस्त पट्ट्याची इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये वाटणी करायची ठरली, तेव्हा स्कॉटलंडच्या बाजूने नेमलेल्या अधिकाऱ्यांत ते होते. तिथे चर खणून बांध घातला गेला आणि दोन राज्यांच्या मधली रेघ प्रथमच जमिनीवर उमटली. रेघ आखणाऱ्यांपैकी एकाच्याच गोठ्यात अठरा वर्षांनी रेघेपलीकडचा कप्तान घुसला.

धर्माच्या बाबतीत त्यांची चाल बघण्यासारखी आहे. जानेवारी १५४६ मध्ये प्रोटेस्टंट उपदेशक जॉर्ज विशार्ट हॅडिंग्टनला आला, तेव्हा एका रात्री त्याचा मुक्काम लेदिंग्टनच्या वाड्यात होता. त्याच्याबरोबर वावरणाऱ्या, पुढे स्कॉटलंडमधल्या प्रोटेस्टंटांचा म्होरक्या झालेल्या जॉन नॉक्सने नंतर लिहिले की या घराचा धनी धर्माच्या बाबतीत पटलेला नसला तरी वागायला नेहमी सभ्य होता. लगेचच विशार्टला ऑर्मिस्टनला पकडले आणि १ मार्चला सेंट अँड्र्यूजला जिवंत जाळले. नॉक्सच्या लेखणीतून कॅथलिक बाजूच्या माणसाबद्दल चांगला शब्द सहसा निघत नसे. सर रिचर्ड यांना तो मिळाला. पुढे १५६० मध्ये देशाचा धर्म बदलला तेव्हाही ते कोणाच्या मिरवणुकीत दिसत नाहीत. जे आले त्यात गुपचूप सामील झाले आणि आपल्या कवितांत दोन्हीकडच्या हावरट मंडळींना झोडपत राहिले. धर्माच्या नावाने चर्चच्या जमिनी गिळणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग दिसतो.

१५६० च्या सुमारास दृष्टी गेली. तोवर वय पासष्टीच्या घरात. अशा माणसाला १५६१ मध्ये कोर्ट ऑफ सेशनचा, म्हणजे त्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा, न्यायाधीश नेमले जाते आणि पुढच्या वर्षी राणीच्या खाजगी मोहोरेचा रक्षकही केले जाते, हे आज विचित्र वाटेल. पण कागद वाचून दाखवायला कारकून असतात, कायदा लक्षात ठेवायला डोके लागते, आणि सर रिचर्ड यांचे डोके शाबूत होते. १५५० पासूनच्या न्यायालयीन निर्णयांचा संग्रह त्यांनी केला होता. छापील निकालपत्रे नसलेल्या काळात अशा संग्रहावरच वकिली चालायची. लांबत जाणाऱ्या दाव्यांवर, तारखांवर तारखा पडून पक्षकार कंगाल होण्यावर त्यांची एक कवितासुद्धा आहे. न्यायाधीशानेच आपल्या न्यायालयावर टीका करायची, तीही यमकात.

तीन मुलगे

बायको मेरी क्रॅन्स्टन. स्कॉटलंडमध्ये बाई लग्नानंतर माहेरचेच आडनाव लावत असे, म्हणून ती अखेरपर्यंत क्रॅन्स्टनच राहिली. मुली होत्या, त्यांची लग्ने आसपासच्या लेअर्ड घराण्यांत झाली : क्लर्किंग्टनचे कॉकबर्न, ट्रॅब्राउनचे हेरियट, हॉल्टनचे लॉडर, व्हिटिंगहॅमचे डग्लस. ही नावे कंटाळवाणी वाटली तरी शेवटचे लक्षात ठेवण्यासारखे आहे. व्हिटिंगहॅम म्हणजे सर रिचर्ड यांच्या जावयाचा वाडा. राणी मेरीचा नवरा डार्नली याला संपवण्याबद्दलचे एक महत्त्वाचे बोलणे जानेवारी १५६७ मध्ये तिथेच झाले. बोलायला होते बॉथवेल आणि मॉर्टन हे दोन सरदार आणि आपला थोरला विल्यम.

विल्यमबद्दल लिहायला बसले तर प्रकरण त्याचेच होऊन बसेल, इतका तो मोठा. राज्याचा सेक्रेटरी, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने ज्याच्या बुद्धीची वाखाणणी केली असा मुत्सद्दी. आधी राजमाता मेरी ऑफ गीझच्या चाकरीत, १५५९ मध्ये तिला सोडून बंडखोर प्रोटेस्टंट सरदारांकडे, मग १५६१ मध्ये फ्रान्सहून परतलेल्या राणी मेरीचा उजवा हात, १५६७-६८ मध्ये तिला पदच्युत करणाऱ्यांत, आणि नंतर पुन्हा तिच्या बाजूला. मॅकियाव्हेलीच्या नावाचा अपभ्रंश करून लोक त्याला ‘मायकल वायली’ म्हणत. जॉर्ज ब्यूकॅनन या विद्वानाने त्याच्यावर उपहासाचा एक लेखच लिहिला आणि त्याचे नाव ठेवले ‘सरडा’, रंग बदलणारा. जानेवारी १५६७ मध्येच त्याने दुसरे लग्न केले, राणीच्या चार सख्यांपैकी मेरी फ्लेमिंगशी. नवरा चाळिशीचा, नवरी पंचविशीच्या आत. त्याचा दोस्त विल्यम कर्कॉल्डी हे जमत असतानाच म्हणाला होता की मी पोप व्हायला जितका लायक, तितकीच ती त्याला शोभते. लग्न मात्र टिकले, आणि कर्कॉल्डीच्या अपेक्षेपेक्षा फार बळकट ठरले.

मधला जॉन, जन्म १५४३, कायदा शिकलेला, शांत. फेब्रुवारी १५६७ च्या आसपासच्या धामधुमीत कोल्डिंगहॅमच्या मठाचे उत्पन्न त्याच्या नावे झाले. त्याच वर्षी वडिलांनी खाजगी मोहोरेचे पद सोडले ते त्याच्यासाठी, आणि १५६८ मध्ये तोही न्यायाधीश झाला. विल्यम आधीच त्या न्यायालयात होता. पंधराएक न्यायाधीशांच्या खंडपीठात एकाच घरचे तिघे, बाप आणि दोन मुलगे! तेव्हा कुणाला हितसंबंधांची अडचण वाटली नाही. धाकटा थॉमस लॅटिनमध्ये लिहिणारा, हुशार, थोडा चळवळ्या. ब्यूकॅननने राजाची सत्ता लोकांच्या इच्छेवर अवलंबून असते असे मांडणारा जो प्रसिद्ध संवाद लिहिला, त्यातला प्रश्न विचारणारा तरुण म्हणजे हा थॉमस. एका भावाचा सरडा केला आणि दुसऱ्याला आपल्या ग्रंथात पात्र म्हणून बसवले. ब्यूकॅननचे मेटलंडांशी असलेले नाते असे दुहेरी होते.

१५७० ते १५७३

आता ब्लाइथवरच्या लुटीच्या वेळी राजकारण कुठे होते ते पाहू. राणी मेरीने जुलै १५६७ मध्ये कोंडवाड्यात असताना राजत्याग केला होता आणि तिचा तान्हा मुलगा सहावा जेम्स गादीवर होता. त्याच्या नावाने कारभार पाहणारा रीजंट, अर्ल ऑफ मरी, २३ जानेवारी १५७० रोजी लिनलिथगोच्या रस्त्यात गोळी घालून मारला गेला. राजाचा पक्ष आणि राणीचा पक्ष असे उघड दोन तट पडले. इंग्लंडने राजाच्या पक्षाला पाठिंबा दिला आणि १५६९ च्या अखेरीस उत्तर इंग्लंडातल्या फसलेल्या बंडाचे पुढारी स्कॉटलंडात पळून आले म्हणून एप्रिल १५७० पासून इंग्रज फौजांनी सरहद्दीचा मुलूख जाळायला सुरुवात केली. फॉस्टरची स्वारी या पार्श्वभूमीवर झाली. ‘शांततेच्या काळात’ ही सर रिचर्ड यांची तक्रार वकिलाच्या भाषेत खरी होती, कारण दोन राज्यांत युद्ध जाहीर नव्हते. पण दक्षिण स्कॉटलंडात त्या वसंतात शांतता होती असे तिथल्या कुणालाही वाटले नसते.

विल्यम तोवर एडिंबरोच्या किल्ल्यात राणीच्या पक्षाचे डोके बनला होता. किल्लेदार तोच कर्कॉल्डी. जॉन आणि थॉमसही तिकडेच. मे १५७१ मध्ये राजाच्या पक्षाने एडिंबरोच्या वेशीबाहेर कॅननगेटमध्ये घाईघाईने संसद भरवली. किल्ल्यातून तोफा चालू असताना सभासद वाकून वाकून ये-जा करत, म्हणून लोकांनी तिला ‘रांगती संसद’ म्हटले. त्या रांगत्या संसदेने तिन्ही मेटलंड भावांना राजद्रोही ठरवून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली.

थॉमस १५७२ मध्ये इटलीत वारला, वय विशीच्या सुरुवातीचे. विल्यमची तब्येत पार ढासळली होती. पाय चालेनात, त्याला उचलून न्यावे लागे. मे १५७३ मध्ये इंग्रजांनी आणलेल्या जड तोफांनी किल्ल्यावर मारा सुरू केला, २३ तारखेला डेव्हिड टॉवर कोसळला, विहीर बुजली आणि महिना संपता संपता किल्ला पडला. विल्यम लीथच्या तुरुंगात ९ जूनच्या सुमारास मेला. त्याने विष घेतले असे लोक बोलत होते. रोमन पद्धतीने गेला, असे समकालीन मेल्व्हिलने लिहिले. पण त्याच्या शरीराची जी दशा झाली होती ती पाहता आजारही पुरेसा होता.

नवा रीजंट मॉर्टन याने प्रेत पुरू दिले नाही. मेल्यावरही राजद्रोहाचा खटला चालवायचा तर आरोपी न्यायालयात हजर हवा, हा त्यामागचा कायदा. प्रेत सडत पडले, आणि किडे दाराखालून बाहेर आले अशी आठवण नोंदली गेली आहे. इथे मेरी फ्लेमिंग पुढे येते. २१ जूनला तिने थेट इंग्लंडचा मुख्य मंत्री बर्ली याला पत्र लिहिले की नवऱ्याच्या प्रेताची विटंबना होऊ नये. बर्लीपासून ही गोष्ट एलिझाबेथपर्यंत गेली आणि तिने मॉर्टनला सुनावले. परक्या राणीच्या दडपणाने प्रेत सुटले. त्याच सुमारास मेरीकडून राणीचा म्हणून एक हिरे-माणकांचा दागिना काढून घेण्यात आला. कर्कॉल्डीला ३ ऑगस्टला फाशी दिली. जॉन टँटलनच्या किल्ल्यात कैद.

आणि सर रिचर्ड? लेदिंग्टनचा वाडाही त्यांच्या हातून गेला. मुलांचा अपराध बापाच्या घरावर वसूल झाला. कोणत्याही किल्ल्यात शिरले नाहीत, कुणाच्या जाहीरनाम्यावर झळकले नाहीत, तरी ऐंशीच्या उंबरठ्यावरचे हे आंधळे गृहस्थ वडिलोपार्जित मनोऱ्याबाहेर.

काय गेले, काय राहिले

दोन दगडींवर हात ठेवण्याची कल्पना इथेच कोसळते. बापाचा तटस्थपणा ही घराण्याची विमा-योजना असती तर निदान बापाच्या नावाची जमीन तरी वाचायला हवी होती. वाचली नाही. राणीच्या पक्षातल्या मुलांचा बाप म्हणून इंग्रजांनी त्यांना लुटले आणि राजद्रोह्यांचा बाप म्हणून राजाच्या पक्षाने. तटस्थ माणसाच्या मेंढ्या दोघांनाही सारख्याच चालतात. शिवाय तिन्ही मुलगे एकाच बाजूला गेले होते. हिशोबी घराणे निदान एक तरी मुलगा मॉर्टनकडे ठेवते.

राहिली एक गोष्ट, न्यायासन. या सगळ्या काळात सर रिचर्ड न्यायाधीश होते आणि न्यायाधीशच राहिले. जॉनचे पद गेले, विल्यमचे गेले, म्हाताऱ्याचे गेले नाही. यादवीत न्यायालयाचे काम बंद पडले ते पुन्हा सुरू झाल्यावरही ते खुर्चीवर होते. मॉर्टन त्यांच्या वाड्यावर आपली माणसे बसवू शकला, पण त्यांना खुर्चीवरून उठवण्याच्या भानगडीत पडला नाही. याचे कारण मला वाटते अगदी व्यवहाराचे आहे. वीस वर्षांचे निर्णय ज्याच्या डोक्यात आणि संग्रहात आहेत, ज्याचे जावई दोन्ही तटांत पसरले आहेत आणि ज्याच्याबद्दल नॉक्ससारखा माणूससुद्धा वाईट बोलत नाही, त्याला हटवून मिळणार काय? उलट सरहद्दीवरच्या, चर्चच्या जमिनींच्या, जप्त्यांच्या शेकडो भांडणांचा निवाडा करायला असा कुणीतरी हवाच होता. न्यायालय कमी माणसांत चालत नाही.

खुर्चीचा दुसरा उपयोग असा की तिच्यामुळे सर रिचर्ड कधी विस्मरणात गेले नाहीत. वाडा गमावलेला जमीनदार अर्जदार होतो, दाराबाहेर उभा राहतो. न्यायाधीश मात्र रोज त्याच मंडळींसोबत बसतो ज्यांच्या हातात अर्ज जायचा असतो. त्यांच्या या काळातल्या कवितांतही तोच सूर आहे. देश भांडणांनी उद्ध्वस्त झाला, माणसे लोभाने आंधळी झाली, शहाणपण उरले नाही. मॉर्टन किंवा मरी यांच्यावर नाव घेऊन वार केलेला दिसत नाही. विल्यम सतत कोणावर तरी शेवटचा शब्द टाकायचा, बाप कधीच नाही. घरातला सगळ्यात तल्लख माणूस कुणाकडे विश्वास शिल्लक न ठेवता मेला. त्याच्यापेक्षा बुद्धीने थोडा कमी असलेला बाप मात्र चार राजवटींत वापरला गेला.

जमीन परत

मॉर्टनचे दिवस १५८० च्या अखेरीस भरले. डार्नलीच्या खुनातला सहभाग त्याच्यावर शेकला आणि २ जून १५८१ रोजी त्याचे शिर उडवले गेले. व्हिटिंगहॅमच्या त्या जुन्या बोलण्याची किंमत चौदा वर्षांनी वसूल झाली. दरम्यान जॉन आधी सैल नजरकैदेत, मग मोकळा झाला होता. त्याच वर्षी त्याला पुन्हा न्यायाधीशपद मिळाले. १५८३ मध्ये त्याने जीन फ्लेमिंगशी लग्न केले. ती वहिनी मेरीची पुतणी, म्हणजे फ्लेमिंग घराण्याशी दुसऱ्यांदा सोयरीक. १५८४ मध्ये तो सेक्रेटरी झाला, भावाच्या जुन्या खुर्चीवर. १५८६ मध्ये उपचान्सलर, १५८७ मध्ये चान्सलर.

इकडे मेरी फ्लेमिंगची खटपट चालूच होती. मृत नवऱ्यावरचा राजद्रोहाचा डाग पुसला जाऊन १५८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या वारसांचे हक्क परत मिळाले. मला या प्रकरणात सगळ्यात कमी लेखली गेलेली व्यक्ती तीच वाटते. ‘चार मेरी’ म्हणून तिचे नाव गाण्या-गोष्टींत येते ते राणीची सखी म्हणून. पण प्रेत सोडवण्यापासून जप्ती उठेपर्यंत दहाएक वर्षे कागदांच्या मागे लागलेली विधवा म्हणून तिला कुणी ओळखत नाही.

१५८४ मध्ये सर रिचर्ड यांनी खुर्ची सोडली, वय ८८. आपल्या जागी कोण यावे हे सुचवायची मुभा त्यांना मिळाली आणि सर लुइस बेलंडन त्या जागी आले. या निमित्ताने सहाव्या जेम्सने लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की यांनी आमचे आजोबा, आजी, आई आणि स्वतः आम्ही अशा सगळ्यांची इमानाने सेवा केली. या यादीतल्या आजीविरुद्ध आणि आईविरुद्ध यांच्याच मुलाने काय काय केले हे राजाला पाठ होते. तरी पत्रात बापाचा हिशोब वेगळा धरला गेला. लेदिंग्टनही त्यांच्या हाती परत आले, आणि शेवटची दोन वर्षे तरी ते आपल्या छताखाली राहिले.

२० मार्च १५८६ रोजी ते वारले. त्यांच्या अंत्यविधीच्याच दिवशी मेरी क्रॅन्स्टन गेली असे सांगतात. साठ वर्षांच्या आसपासचा संसार.

लेकीच्या नावची वही

जमिनीच्या गोष्टीला एक जोड आहे, आणि ती माझ्या मते जमिनीइतकीच टिकाऊ ठरली. सर रिचर्ड यांच्या घरात दोन हस्तलिखिते तयार झाली. मोठे फोलिओ साधारण १५७० पासूनच्या पंधराएक वर्षांतले, म्हणजे नेमके लुटीनंतरच्या वाईट दिवसांतले. त्यात विल्यम डनबारच्या आणि इतर जुन्या कवींच्या कितीतरी रचना आहेत. काही रचना तर या वहीमुळेच आज आपल्यापर्यंत पोहोचल्या. दुसरी लहान क्वार्टो वही १५८६ ची, आणि तिच्या पहिल्या पानावर ‘मेरी मेटलंड’ हे मुलीचे नाव दोनदा लिहिलेले आहे.

आंधळ्या बापाच्या तोंडून कविता उतरवून घेणारी लेक, हे चित्र लोकांना फार आवडते. ते सोपे पडते म्हणून मी त्याच्याशी जरा सावध आहे. वहीवर नाव असणे म्हणजे ती तिची असणे. ती सगळी तिनेच लिहून काढली असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण वहीत एक कविता तिला उद्देशून आहे, जी तिला साफो आणि ऑलिंपिया मोराता या विदुषींच्या पंगतीत बसवू पाहते. म्हणजे घरातली मंडळी तिला कवयित्री म्हणून मोजत होती. आणखी एक कविता निनावी आहे. तिच्यात एक स्त्री दुसऱ्या स्त्रीवरचे आपले प्रेम पुराणातल्या आणि बायबलमधल्या जोड्यांच्या दाखल्यांनी सांगते, रूथ आणि नाओमीचा उल्लेखही येतो. ती मेरीची असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. सोळाव्या शतकातल्या लेअर्डच्या घरात अशी कविता स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवली गेली, एवढे तरी खात्रीने म्हणता येते. मेरीचे लग्न हॉल्टनच्या लॉडरशी झाले. त्या संसारात तिने पुढे काही लिहिले असले तर ते मागे उरलेले नाही.

या वह्या जॉनच्या वंशात गेल्या. जॉनचा नातू, म्हणजे सर रिचर्ड यांचा पणतू, पुढे ड्यूक ऑफ लॉडरडेल झाला. १६८२ मध्ये तो वारला आणि १६९२ च्या लिलावात दोन्ही वह्या रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सने विकत घेतल्या. त्या आज केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. जुने स्कॉटिश साहित्य छापायला १८२८ मध्ये ग्लासगोत मंडळ निघाले तेव्हा त्याला नाव दिले मेटलंड क्लब, अर्थात सर रिचर्ड यांचे.

याच वंशातल्या एकाचा मुंबईशी संबंध आहे. वॉटर्लूनंतर नेपोलियनने ज्याच्या जहाजावर जाऊन शरणागती पत्करली तो फ्रेडरिक मेटलंड लॉडरडेलच्या अर्लचा नातू. पुढे ॲडमिरल म्हणून पूर्वेकडच्या ब्रिटिश आरमाराची सूत्रे त्याच्याकडे असताना ३० नोव्हेंबर १८३९ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘वेलेस्ली’ जहाजावर त्याचा मृत्यू झाला. जहाजही मुंबईच्याच गोदीत बांधलेले. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचे स्मारक आहे.

लेदिंग्टन कोणाकडे

शेवटी जमीन कुणाला मिळाली हे सांगितल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. कायद्याने पाहिले तर थोरल्या विल्यमचा मुलगा जेम्स हा वारस. जप्ती उठली ती त्याच्यासाठीच. पण जेम्स कॅथलिक झाला, त्याचे आयुष्य बरेचसे परदेशात गेले, आणि लेदिंग्टन काका जॉनच्या शाखेकडे सरकले. जेम्सने वडिलांच्या बचावासाठी एक लेख लिहिला, ब्यूकॅननच्या सरड्याला मुलाचे उत्तर. त्याची बहीण मार्गारेट रॉक्सबर्गच्या केर घराण्यात पडली आणि पुढे अर्लची बायको झाली. म्हणजे घराण्याचे नाव सगळ्यात उंच नेणाऱ्या आणि सगळ्यात खोल बुडवणाऱ्या मुलाच्या पोरांना लेदिंग्टनची माती मिळाली नाही.

जॉन १५९० मध्ये लॉर्ड मेटलंड ऑफ थर्लस्टेन झाला. राजाच्या लग्नासाठी तो त्याच्याबरोबर नॉर्वे-डेन्मार्कला जाऊन आला होता, आणि परतल्यावर लॉडरडेलमध्ये थर्लस्टेनचा किल्ला बांधायला घेतला, ब्लाइथच्या त्याच मुलखात. ३ ऑक्टोबर १५९५ रोजी तो वारला आणि हॅडिंग्टनच्या सेंट मेरी चर्चमध्ये पुरला गेला. कबरीवर राजाने स्वतः रचलेले सुनीत आहे. लेदिंग्टन मात्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विकले गेले. डचेस ऑफ लेनॉक्सच्या मृत्युपत्रातल्या पैशांतून ते तिच्या नातलगासाठी घेतले आणि तिच्या नावावरून त्याला लेनॉक्सलव्ह म्हणू लागले. विसाव्या शतकात ते हॅमिल्टनच्या ड्यूकांकडे आले. थर्लस्टेन मात्र मेटलंडांच्याच वंशात राहिले.